इफ्ताहाचा नवस व हँडेलचा देवदूत

वचनपालन हा विषय उपदेशपीठावरून घ्यावयाचा झाला म्हणजे आपल्या मंडळ्यांत दोन शास्त्रभाग हटकून पुढे येतात. एक स्तोत्र १५, ज्यात शपथ वाहिल्यावर स्वतःचे नुकसान झाले तरी ती न बदलणाऱ्या मनुष्याची वाखाणणी आहे. आणि दुसरा शास्ते ११ मधील इफ्ताहाची कथा. स्तोत्रातून सूत्र घ्यावयाचे व कथेतून उदाहरण द्यावयाचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती तपासून पाहावी असे आम्हांलाही पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. ह्याच जोडीवर आम्ही स्वतः प्रवचन केलेले आहे. उपासना आटोपल्यावर सीमाभागातील त्या मंडळीतील एक वयस्क बाई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, नवस बापानं बोलला, तो फेडला कुणी?” त्यांना आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र त्या प्रश्नापासूनच आहे.

त्या प्रश्नाकडे आम्ही परत वळलो ते एका संगीतकृतीमुळे. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हे नाव आपल्या गायनमंडळांना ‘मसाया’तील हालेलुया गीतामुळे परिचित आहे. त्याची ‘जेफ्था’ ही ऑरेटोरिओ, म्हणजे वेषभूषा व अभिनय ह्यांवाचून गायली जाणारी धार्मिक संगीतकथा, आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. ती २६ फेब्रुवारी १७५२ रोजी लंडनमधील कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात प्रथम सादर झाली. शब्दरचना रेव्हरंड थॉमस मोरेल ह्या धर्मोपदेशकाची. उपदेशकाने उपदेशकांच्या आवडत्या कथेचे काय केले हे पाहणे उद्बोधक ठरेल अशा अपेक्षेने आम्ही ती ऐकली, आणि आमची निराशा व आमचा लाभ दोन्ही एकाच ठिकाणी झाले.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी जो समूहगान-भाग आहे त्याची थोरवी आम्ही प्रथमच मान्य करतो. देवाचे निर्णय मनुष्याच्या दृष्टीला किती अंधारलेले आहेत असा त्याचा आशय. तो लिहीत असतानाच, १३ फेब्रुवारी १७५१ रोजी, डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्यामुळे हँडेलला लेखन थांबवावे लागले, आणि तशी नोंद त्याने आपल्या हस्तलिखितात जर्मन भाषेत करून ठेवली. दहा दिवसांनी त्याने काम पुन्हा हाती घेतले. ह्या भागाच्या शेवटी मोरेलने, देव जे ठरवितो ते योग्य, अशा अर्थाचे शब्द दिले होते. हँडेलने ते बदलून अलेक्झांडर पोप ह्याच्या ‘मनुष्यावरील निबंध’ ह्या काव्यातील शब्द घातले. त्यांचा आशय असा की, जे जे आहे ते ते योग्यच. हा बदल लहान दिसतो. पण त्यात देवाचे नाव गळून गेले आहे हे लक्षात घ्यावे. बाप मुलीला मारावयास निघाला आहे, आणि ही देवाची इच्छा असे म्हणावयास रचनाकाराची लेखणी धजत नाही, असाच अर्थ आम्हांला त्यात दिसतो. ते संगीत ऐकताना ‘योग्यच’ ह्या शब्दावर जो भार पडतो तो श्रद्धेचा नसून दातओठ खाऊन केलेल्या स्वीकाराचा वाटतो. येथपर्यंत हँडेल शास्त्राशी प्रामाणिक आहे.

तिसऱ्या अंकात मात्र देवदूत येतो. याजकांचा उगारलेला हात तो थांबवितो. कोणताही नवस देवाच्या नियमशास्त्राला रद्द करू शकत नाही असे सांगतो, आणि लगेच सोय लावून देतो: मुलीला मारावयाचे नाही, तिला आजन्म कौमार्यात देवाला वाहून टाकावयाचे. सर्वांना आनंद होतो. मुलीवर प्रेम करणारा तरुण, जो मोरेलने पदरचा घातला आहे, तोही आपली समजूत काढून घेतो. स्तवन होते आणि पडदा पडतो. देवदूताचे पहिले वाक्य जर खरे असेल तर दुसऱ्याची गरजच काय, असा प्रश्न मोरेलला पडलेला दिसत नाही. जो नवस नियमशास्त्राविरुद्ध आहे तो नवसच नव्हे, मग त्याच्या बदल्यात मुलीचे आयुष्य कोणत्या खात्यावर जमा करावयाचे?

मोरेलने ही तोड स्वतः शोधलेली नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत नार्बोन येथे होऊन गेलेला यहूदी व्याकरणकार दावीद किम्ही ह्याने, आपल्या पित्याच्या आधाराने, इब्री भाषेतील ‘व’ ह्या जोडाक्षराचा अर्थ ‘आणि’ असा न घेता ‘किंवा’ असा घ्यावा असे सुचविले. म्हणजे जे बाहेर येईल ते परमेश्वराचे होईल, ‘किंवा’ त्याचा होम केला जाईल. व्याकरणाच्या एका अक्षराने मुलगी वाचते, तिच्यासाठी एकान्तगृह बांधले जाते, आणि बापाचे वचनही राहते. पुष्कळ प्रॉटेस्टंट भाष्यकारांनी ही वाट आनंदाने धरली. मार्टिन लूथरने मात्र आपल्या भाषांतराच्या समासात स्पष्ट लिहून ठेवले की, त्याने तिला अर्पिले नाही असे लोकांना हवे आहे, परंतु पाठ स्वच्छ आहे. आमचे मत लूथरच्या बाजूचे आहे. ज्या जोडाक्षरावर एवढी इमारत उभी केली ते त्या वाक्यात सरळ ‘आणि’ आहे, आणि ‘होम’ हा शब्दही दुसऱ्या कोणत्या अर्थाने घेता येत नाही. हँडेलच्या सुमारे शंभर वर्षे आधी रोममध्ये कारिस्सिमीने ह्याच कथेवर लॅटिन संगीतकृती रचली. ती मुलीच्या व तिच्या सख्यांच्या विलापावर थांबते, देवदूत तेथे नाही. हँडेलला ती कृती अपरिचित नव्हती. तिच्यातील अखेरच्या विलापाचा त्याने आपल्या ‘सॅमसन’मध्ये उपयोग केला आहे.

आता मूळ कथेकडे वळू. ती वाचताना क्रमाकडे लक्ष द्यावे. एकोणतिसाव्या वचनात परमेश्वराचा आत्मा इफ्ताहावर येतो, आणि तिसाव्या वचनात तो नवस करतो. जे आधीच मिळाले होते ते मिळविण्यासाठी हा सौदा आहे. आणि हा मनुष्य सौद्याचाच आहे. वेश्येचा पुत्र म्हणून भावांनी हाकलून दिलेला, तोब देशात रिकामटेकड्या माणसांची टोळी जमवून राहिलेला. गिलादाचे वडील बोलवावयास आले तेव्हा प्रथम त्याने सरदारकी कबूल करून घेतली, अम्मोनी राजाशी तो लांबलचक वाटाघाट करतो, आणि देवाशीही त्याच भाषेत बोलतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘तो उघडतो’ असा आहे. मुलगी डफ वाजवीत बाहेर येते तेव्हा तो म्हणतो की आपण परमेश्वरापुढे तोंड उघडले आहे, आता मागे फिरता येत नाही. ह्या तोंड उघडण्यासाठी जे इब्री क्रियापद योजिले आहे तेच उत्पत्ती ४ मध्ये हाबेलाचे रक्त प्राशन करावयास भूमीने तोंड उघडले तेथे आहे, आणि गणना १६ मध्ये कोरहाच्या प्रसंगी भूमीने तोंड उघडून माणसे गिळण्याच्या बोलण्यातही आहे. कथाकाराने येथे कोणताही शेरा मारलेला नाही. एवढा एक शब्द ठेवून दिला आहे.

शिवाय, विजयी वीरांना सामोऱ्या स्त्रियाच नाचत येतात हे इस्राएलात सर्वांना ठाऊक होते. मिर्यामेच्या काळापासून शौलाच्या काळापर्यंत तोच प्रघात दिसतो. घरातून कोण बाहेर येईल ह्याचा विचार इफ्ताहाला सुचू नये हे नवल आहे. आणि ती आल्यावर त्याचा पहिला उद्गार काय? तूच मला खाली आणलेस, तूच मला संकटात घातलेस. वचन त्याचे आणि दोष तिच्या माथी.

उत्पत्ती २२ मधील अब्राहामाची कथा ह्या कथेच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. इसहाकाबद्दल ‘एकुलता’ हा जो शब्द येतो त्याचेच स्त्रीलिंगी रूप ह्या मुलीबद्दल येते. तेथे मागणी देवाची होती आणि देवानेच हात धरला. येथे देवाने काही मागितलेच नव्हते, आणि तो बोलतही नाही. युद्धात अम्मोनी लोकांना त्याने इफ्ताहाच्या हाती दिले एवढे सांगितले आहे; ते नवसामुळे दिले असे सांगितलेले नाही. मोरेलचा देवदूत मोरियाच्या डोंगरावरून उसना आणलेला आहे, ही आमची त्याच्याविषयीची मुख्य तक्रार. त्याला आणले की शास्त्रातली ती भयंकर शांतता बुजते, आणि श्रोता सुटकेचा श्वास टाकून घरी जातो.

मराठी श्रोत्याला तर तो देवदूत अगदी ओळखीचा वाटेल. आपण हरिश्चंद्राच्या गोष्टीवर वाढलो आहोत. स्वप्नातले वचन पाळण्यासाठी राजाने राज्य सोडले, तारामती व रोहिदास ह्यांना विकले, आणि अखेरच्या क्षणी देवांनी तलवार अडविली. श्रियाळ व चांगुणा ह्यांनी अतिथीसाठी चिलया बाळास कांडले, आणि बाळ परत जिवंत झाले. अशा कथांची सवय झालेल्या कानांना इफ्ताह हा आणखी एक सत्यवचनी राजा वाटतो, आणि मूल परत मिळेलच असे मन धरून चालते. आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरातही ह्या व्रतवचनासाठी ‘नवस’ हाच घरगुती शब्द आहे. तो ऐकताच श्रोत्याच्या मनात ‘फेडला पाहिजे, नाही तर घरावर येईल’ हे भयही जागे होते. उपदेशकाने ह्या दोन्ही गोष्टी ओळखून असावे. शास्ते ११ मध्ये मूल परत मिळत नाही.

आणि ‘वाहून टाकली, मारली तर नाही’ ह्या समाधानाबद्दल आमच्या बेळगावकडील वाचकांस आम्ही अधिक काय सांगावे? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची चाल त्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. घरात दुखणे आले, मुलगा होईना, केसांत जट आली, म्हणून वडीलधाऱ्यांनी बोलायचे आणि मुलीने जन्मभर ते पुरे करायचे. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली व महाराष्ट्रात २००५ साली ह्याविरुद्ध कायदे करावे लागले. शेजाऱ्याच्या धर्माकडे बोट दाखविण्यासाठी हे लिहीत नाही. तसे करण्याचा अधिकार आम्हांस नाही. संत बेनेदिक्त ह्याच्या नियमावलीतही आईबापांनी लहान मुलगा मठाला अर्पण करावयाचा विधी आहे. मुलाचा हात वेदीच्या वस्त्रात गुंडाळीत असत. पित्याने दिलेला मुलगाही स्वतः व्रत घेतलेल्याइतकाच बांधलेला, असे ६३३ साली तोलेदोच्या धर्मसभेने ठरविले होते. सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मठव्रत घेऊ नये असा नियम ट्रेंटच्या सभेने केला तो १५६३ साली. म्हणजे हे शिकावयास ख्रिस्तमंडळीला नऊशेहून अधिक वर्षे लागली. हँडेलचा देवदूत १७५२ सालीही ते शिकलेला नव्हता.

ह्यावर कोणी विचारील, मग वचन मोडावे काय? ते आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. यहोशवा ९ मध्ये गिबोनकरांनी फसवून शपथ घेवविली, तरी इस्राएलाच्या सरदारांनी ती पाळली, आणि पुढे शौलाने ती मोडली तेव्हा तीन वर्षे दुष्काळ पडला. बाप्तिस्म्याचे, विवाहाचे, दीक्षेचे वचन अडचणीचे झाले म्हणून सैल होत नाही. नवस न करण्यात पाप नाही, केल्यावर मात्र विलंब लावू नये, असे अनुवाद २३ सांगते. पण स्तोत्र १५ पुन्हा वाचावे: तेथे जो तोटा सोसावयाचा तो शपथ वाहणाऱ्याने स्वतः सोसावयाचा आहे. आम्ही त्या दिवशी दोन शास्त्रभाग जोडले तेव्हा नेमका हाच शब्द आमच्या नजरेतून निसटला होता. हेरोदानेही शपथ पाळली. ताटात शिर मात्र योहानाचे होते. आईबापांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावे ठेवणाऱ्यांना प्रभू येशूने मार्क ७ मध्ये जे सुनावले ते ह्याच कारणासाठी. संत अम्ब्रोज ह्याने इफ्ताह व हेरोद ह्या दोघांची नावे एकत्र घेतली आहेत, आणि संत थॉमस अक्वायनस ह्याने जेरोमच्या आधारे असे ठरविले की नवस करण्यात मूर्खपणा होता व तो फेडण्यात अधर्म. इब्री ११ मध्ये इफ्ताहाचे नाव विश्वासवीरांत येते हे खरे. परंतु तेथे पुढच्याच वचनात राज्ये जिंकण्याचा उल्लेख आहे, नवसाचा नाही.

सुटकेचा मार्ग नियमशास्त्रात होता काय? लेवीय २७ मध्ये नवसाने वाहिलेल्या व्यक्तीचे मोल ठरवून दिले आहे: पाच ते वीस वर्षांच्या मुलीसाठी दहा शेकेल, वीस ते साठ वर्षांच्या स्त्रीसाठी तीस. त्याच अध्यायात सर्वस्वी नाशार्थ वाहिलेल्या मनुष्याला खंडणी नाही असेही आहे, आणि कित्येक जण तेथेच बोट ठेवतात. परंतु इफ्ताहाच्या वाक्यात तो शब्द नाही. तेथे साधा नवस आहे.

प्राचीन यहूदी गुरूंनी हे ओळखले होते. त्यांच्या उत्पत्तीवरील मिद्राशात एक प्रसंग रंगविला आहे. नवस सोडवून देणे फिनहास याजकाच्या हाती होते. पण फिनहास म्हणाला, मी प्रमुख याजक व प्रमुख याजकाचा मुलगा. मी त्या अडाण्याकडे जाऊ? इफ्ताह म्हणाला, मी इस्राएलाचा पुढारी. मी त्याच्याकडे जाऊ? दोघांच्या मधोमध मुलगी गेली. दोघांनाही शिक्षा झाली: इफ्ताहाचे अवयव झडत गेले आणि गावोगावी पुरले गेले, फिनहासापासून पवित्र आत्मा निघून गेला. कालगणनेने हे जुळत नाही, तथापि टीका म्हणून ह्याच्या तोडीचे भाष्य आमच्या वाचनात नाही. मुलीने दोन महिने मागून घेतले होते. दोन महिन्यांत गिलादातला एकही माणूस, एकही याजक उठला नाही. ह्याच्या उलट १ शमुवेल १४ पाहावे. शौलाने तसलीच अविचारी शपथ घातली, योनाथानाने न कळत मध चाखला, आणि राजा त्याला मारावयास निघाला. तेव्हा लोकच मध्ये पडले आणि त्यांनी योनाथानाला सोडविले. तेथे देवदूत आला नाही. त्याची गरजही पडली नाही.

हा सर्व विचार सेमिनरीच्या उंबरठ्यावर आम्हांला अनेकदा आठवतो. प्रवेशासाठी येणाऱ्या तरुणांत असा एखादा असतोच की ज्याला विचारले, “बाळ, तुला का यावेसे वाटले?” तर तो खाली पाहून सांगतो, “मी लहानपणी आजारी होतो, आईनं प्रभूच्या सेवेला द्यायचं बोललं होतं.” आईच्या प्रार्थनेचा आम्ही अनादर करीत नाही. हन्नेनेही तसेच केले होते, आणि तिचे मूल्य तिने स्वतः भरले. शिलोहून रिकाम्या हाताने घरी परत तीच गेली. पण १ शमुवेल ३ हा अध्याय त्यासाठीच आहे. आईच्या नवसाने शमुवेल देवळाच्या दारापर्यंत आला. हाक मात्र त्याला स्वतःला, त्याच्या नावाने, रात्रीची आली, आणि “बोल” असे उत्तर त्याने स्वतः दिले. ती हाक जर आलीच नसेल तर त्या तरुणाला सन्मानाने घरी पाठविणे आणि त्याच्या आईकडे आपण होऊन चालत जाऊन तिच्या मनावरचे ओझे उतरविणे, हे काम कोणाचे? पुष्कळदा ह्या प्रश्नाला मिळणारे उत्तर फिनहासाचेच असते. आईने आपल्याकडे यावे, अशी आपली अपेक्षा असते.

जाता जाता एक गोष्ट. कॅथलिक मंडळीच्या वाचनक्रमात विषम सालांच्या विसाव्या सामान्य सप्ताहातील गुरुवारी हा भाग येतो, आणि तो एकोणचाळिसाव्या वचनाच्या मध्यावर, नवस फेडल्याच्या वाक्याशी थांबतो. त्यावर प्रतिसाद म्हणून स्तोत्र ४० दिलेले आहे, ज्यात देवाला यज्ञ व अर्पण नको होते असे म्हटले आहे; ही निवड ज्याने केली तो जाणता असला पाहिजे. पण इस्राएलाच्या मुली वर्षातून चार दिवस तिची आठवण करावयास जात असत, हे चाळिसावे वचन वाचनातून सुटते. आपल्या प्रॉटेस्टंट उपासनांत पुष्कळदा ही कथा वाचलीच जात नाही, आणि वाचली तर आमच्यासारखी वाचली जाते. हन्नेच्या, मरीयेच्या आठवणीसाठी आपल्याकडे दिवस आहेत. जिचे नावही लिहिले गेले नाही तिच्यासाठी चार दिवस नसले, तरी पुढच्या वेळी वाचकाने पुस्तक मिटण्यापूर्वी ते एक वचन मोठ्याने वाचावे. आणि दाराशी थांबलेल्या बाईने काही विचारले तर घाईने हात मिळवून पुढे जाऊ नये.